तापमान वाढलं की वेग वाढतो, मग एन्झाइम का थांबतं?

प्रश्न: ताई, मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. रसायनशास्त्रातल्या व्याख्या मला तोंडपाठ आहेत, तरी प्रश्न जरा फिरवून आला की मी अडकते. अभिक्रियेच्या वेगाच्या धड्यात शिकले की तापमान वाढवलं की वेग वाढतो. पुढे एन्झाइमच्या धड्यात आलं की तापमान फार वाढलं तर वेग एकदम पडतो. मग खरं काय? एका ठिकाणी लिहिलंय की उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, दुसऱ्या ठिकाणी तोच सबस्ट्रेटला, म्हणजे ज्या पदार्थावर तो काम करतो त्याला, जाऊन चिकटतो. म्हणजे तो भाग घेतो की नाही? समीकरणातले आकडे आणि अभिक्रियेची ऑर्डर जुळत का नाहीत, केएम म्हणजे नेमकं काय, हेही कधी उमगलं नाही. वर्गात विचारलं तर ‘एवढ्या खोलात जाऊ नकोस, पाठ कर’ असं ऐकावं लागलं. रसायनशास्त्र माझ्यासाठी नाहीच, असं वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. दोन धडे एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत हे तुझ्या लक्षात आलं. ज्याला विषयात गती नसते त्याला ही विसंगती दिसतच नाही. तो दोन्ही वाक्यं वेगवेगळी पाठ करतो आणि पुढे जातो. तू अडलीस ती योग्य जागी अडलीस. तेव्हा ‘माझ्यासाठी नाही’ हा निष्कर्ष तुझ्याच पत्रातून निघत नाही. आणि ‘पाठ कर’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. या भागात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे, समजून घेण्यासारखं मात्र एक मोठं सूत्र आहे आणि ते हाती आलं की तुझे चारही प्रश्न सुटतात.

माझं म्हणणं असं आहे: पाच-पन्नास अभिक्रियांच्या मागे लागू नकोस. एकच अभिक्रिया घे आणि तिलाच सगळे प्रश्न विचार. मी तुला साखरेची सुचवते. साखर, म्हणजे सुक्रोज, अधिक पाणी. त्यातून मिळतात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. बस, एवढंच. ही अभिक्रिया मी उगीच निवडलेली नाही. १८५० साली लुडविग विल्हेल्मी यांनी अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो हिचा. १८८९ साली स्वांते अऱ्हेनियस यांनी तापमान आणि वेग यांचं नातं मांडलं ते हिच्याच आधारे. आणि १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटन यांनी एन्झाइमचं प्रसिद्ध समीकरण दिलं तेही याच अभिक्रियेवर काम करून. तुझ्या पुस्तकात ही तीन कामं तीन वेगळ्या पानांवर आहेत. प्रत्यक्षात त्या सगळ्यांच्या भांड्यात एकच द्रावण होतं.

आता या द्रावणाला पहिला प्रश्न विचारू: ही अभिक्रिया होईल का? उत्तर आहे, हो. ऊर्जेचा हिशेब तिच्या बाजूने आहे, साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होण्याकडेच कल आहे. दुसरा प्रश्न: मग साखरेचं पाणी नुसतं ठेवलं तर ती फुटते का? शुद्ध पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, काही मिसळलेलं नसताना आणि जिवाणूंचा हात लागलेला नसताना निम्मी साखर फुटायला शेकडो वर्षं लागतात. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ‘होईल का’ हा एक आणि ‘किती वेगाने’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. हिऱ्याचं ग्रॅफाइट होण्याकडेच कल आहे, तरी साध्या तापमानाला हिरा हिराच राहतो. विद्यार्थ्यांचे निम्मे गोंधळ मी पाहते ते या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे दोन प्रश्न लिहून ठेव. तुझे सगळे प्रश्न दुसऱ्या गटातले आहेत.

वेग ठरतो कशावर? रेणू एकमेकांवर आदळले पाहिजेत, योग्य बाजूने आदळले पाहिजेत आणि आदळताना त्यांच्याकडे किमान अमुक इतकी ऊर्जा पाहिजे. ही किमान ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा. जुने बंध ताणले जातात, नवे अजून बनलेले नसतात, अशा एका अवघड अवस्थेतून रेणूंना जावं लागतं आणि तिथवर पोहोचण्याची ही किंमत. म्हणून वेगाचा कुठलाही प्रश्न आला की दोनच गोष्टी तपासायच्या: टकरा किती होताहेत आणि त्यातल्या यशस्वी किती होताहेत.

संहती, म्हणजे द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण, वाढवली की टकरा वाढतात, हे सरळ आहे. घन पदार्थाचा चुरा केला तरी तेच. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, त्याचेच एक मिलिमीटरचे घन केले तर ६० चौरस सेंटिमीटर. दहापट जागा उघडी पडली, दहापट टकरांना वाव मिळाला. यावर जास्त वेळ घालवू नकोस.

तापमानाकडे मात्र थांबून बघ, कारण इथे जवळजवळ सगळेच घसरतात. ‘तापमान वाढवलं की रेणू जोरात धावतात, टकरा वाढतात, म्हणून वेग वाढतो’ असं उत्तर सर्रास लिहिलं जातं. वाक्य खोटं नाही, पण कारण म्हणून ते लंगडं आहे. आकडे घालून बघू. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन, ३५ अंश म्हणजे ३०८ केल्विन. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा केल्विन तापमानाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती वाढली सुमारे साडेतीन टक्क्यांनी. सरासरी वेग वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी वाढला आणि वायूत टकरांची संख्याही तेवढीच वाढली. एवढ्याशा वाढीने अभिक्रियेचा वेग दुप्पट कसा होईल?

दुप्पट होतो तो यशस्वी टकरांमुळे. अऱ्हेनियसच्या समीकरणात जो घातांकी भाग आहे, तो नेमकं हेच सांगतो: एकूण टकरांपैकी कितव्या हिश्शाकडे सक्रियण ऊर्जेएवढी किंवा तिच्याहून जास्त ऊर्जा आहे. कॅल्क्युलेटर घे आणि माझ्याबरोबर कर. सक्रियण ऊर्जा मोलला ५० किलोज्यूल धर. वायू स्थिरांक ८.३१४. २९८ केल्विनला ५०,०००ला ८.३१४ आणि २९८ यांच्या गुणाकाराने भागलंस की साधारण २०.२ येतात. ‘ई’चा उणे २०.२ वा घात काढ: एक अब्ज टकरांत जेमतेम १.७ यशस्वी. आता ३०८ केल्विनला तेच कर: एक अब्जात ३.३. बघ, टकरा होत्या जवळजवळ तेवढ्याच, पण त्यातल्या कामाच्या टकरा दुपटीच्या जवळ गेल्या. उंबरठ्यापलीकडे असलेले रेणू आधी इतके थोडे होते की सरासरीत किंचित वाढ झाली तरी त्यांची संख्या दुप्पट झाली.

हे गणित तू एकदा स्वतःच्या हाताने केलंस की पुन्हा कधी विसरणार नाहीस. आणि लगेच दुसरं कर. ५० ऐवजी १०८ किलोज्यूल घाल. हा आकडा मी आम्लाच्या द्रावणात साखर फुटण्याच्या अभिक्रियेचा घेतला आहे. आता त्याच दहा अंशांत वेग दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ‘दर दहा अंशांना वेग दुप्पट’ हा काही निसर्गाचा नियम नाही. सक्रियण ऊर्जा ५०च्या आसपास असेल तेव्हा तसं होतं, एवढाच त्याचा अर्थ. सक्रियण ऊर्जा जितकी जास्त, तितकी ती अभिक्रिया तापमानाला जास्त हळवी. हे शेवटचं वाक्य अधोरेखित कर, पुढे तुझा मुख्य प्रश्न सुटणार आहे तो त्याच्याच बळावर.

आता उत्प्रेरक. तुझी शंका रास्त आहे आणि उत्तर स्पष्ट आहे: उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, पूर्णपणे घेतो. ‘भाग न घेता वेग वाढवणारा पदार्थ’ अशी व्याख्या कुठे लिहिलेली असेल तर ती खोडून टाक. लांब उभं राहून कुणालाही वेग वाढवता येत नाही. साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं की हायड्रोजन आयन साखरेच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. त्यामुळे तो बंध सैल होतो, तुटतो, पाणी येऊन जोडलं जातं आणि हायड्रोजन आयन पुन्हा मोकळा होतो. तो गुंतला आणि सुटला. सुरुवातीला होता तेवढाच शेवटी शिल्लक राहिला, म्हणून ‘खर्च होत नाही’. तुझी दोन्ही वाक्यं खरी आहेत; एक मधल्या पायऱ्यांबद्दल बोलतं, दुसरं शेवटच्या हिशेबाबद्दल.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. उत्प्रेरक जुन्या वाटेवरची सक्रियण ऊर्जा कापत नाही, तो वेगळी वाट देतो आणि त्या वाटेवर ती कमी असते. जुनी वाट तशीच असते, फक्त तिच्यावरून आता फारसं कुणी जात नाही. ही ऊर्जा थोडी कमी झाली तरी फरक प्रचंड पडतो. ५० किलोज्यूलच्या जागी ४० घालून वरचं गणित कर: २५ अंशांना एक अब्जात १.७ ऐवजी ९७ टकरा यशस्वी. दहा किलोज्यूलच उतरले आणि वेग पन्नासपटीहून अधिक वाढला. मात्र उत्प्रेरकाने सुरुवातीची आणि शेवटची ऊर्जा बदलत नाही, त्यामुळे समतोलाची जागाही हलत नाही. पुढची आणि उलटी दोन्ही अभिक्रिया सारख्याच पटीने वेगवान होतात. म्हणजे उत्प्रेरकाचं काम सगळं ‘किती वेगाने’ या प्रश्नातलं आहे. ‘होईल का’ याला तो हात लावत नाही.

एन्झाइम हा असाच एक उत्प्रेरक, बहुतेक वेळा प्रथिनाचा बनलेला. साखर फोडणारं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम यीस्टमध्ये असतं. त्याच्या रेणूत एक खोबण असते, तिला सक्रिय स्थान म्हणतात. साखरेचा रेणू तिथे येऊन बसतो, खोबणीतल्या अमिनो आम्लाचा एक गट फ्रुक्टोजच्या तुकड्याला क्षणभर धरून ठेवतो, ग्लुकोज सुटतं, मग पाणी येऊन फ्रुक्टोजलाही सोडवतं आणि खोबण पुढच्या रेणूसाठी रिकामी होते. गुंतणं आणि सुटणं, आम्लासारखंच. या वाटेवरची सक्रियण ऊर्जा आम्लाच्या वाटेच्या साधारण निम्म्यावर येते. कुलूप आणि किल्लीचं जे चित्र तुझ्या पुस्तकात आहे ते एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडलं आणि एक एन्झाइम एकाच प्रकारचं काम का करतं हे त्याने छान कळतं. पण कुलूप ताठ असतं, एन्झाइम ताठ नसतं. सबस्ट्रेट आत येताना खोबणही आपला आकार बदलते आणि त्याला कवेत घेते, हे डॅनियल कोशलँड यांनी १९५८ साली मांडलं. उत्तरात दोन्ही लिही.

आता आलो तुझ्या मुख्य प्रश्नावर: तापमान वाढवल्यावर एन्झाइम का थांबतं?

नियम मोडलेला नाही. एकाच भांड्यात दोन अभिक्रिया चालू आहेत, इतकंच. पहिली, एन्झाइम साखर फोडतंय ती. दुसरी, एन्झाइमची स्वतःची घडी उलगडण्याची. प्रथिनाची साखळी विशिष्ट पद्धतीने दुमडलेली असते आणि तशी दुमडलेली असते म्हणूनच ती खोबण बनते. ही घडी शेकडो दुबळ्या बंधांनी धरलेली असते. ती सुटायची तर त्यातले खूपसे बंध एकदम सुटावे लागतात, त्यामुळे या उलगडण्याची सक्रियण ऊर्जा मोठी असते, अनेकदा मोलला २०० किलोज्यूलच्या वर. आता ते अधोरेखित केलेलं वाक्य आठव. ज्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा जास्त, ती तापमानाला जास्त हळवी. ५० अंशांवरून ६० अंशांवर जाताना, ५० किलोज्यूलची अभिक्रिया पावणेदोनपट वेगाने चालते. २५० किलोज्यूलची त्याच दहा अंशांत सोळापट. कमी तापमानाला हे उलगडणं इतकं मंद असतं की ते जाणवतही नाही, म्हणून तिथे फक्त पहिली अभिक्रिया दिसते आणि वेग वाढत जातो. एका टप्प्यानंतर दुसरी तिला गाठते आणि मागे टाकते. काम करणारी खोबणच उरली नाही, तर टकरा कितीही होवोत.

बघ, अऱ्हेनियसचा एकच नियम दोनदा लावला आणि आलेखाची चढण आणि उतरण दोन्ही निघाल्या. तुला जे दोन धडे एकमेकांशी भांडताना दिसत होते ते एकच वाक्य बोलत होते.

याच्यावरून परीक्षेत विचारले जाणारे दोन बारकावेही सुटतात. थंडीत एन्झाइम ‘निकामी’ होत नाही, नुसतं मंदावतं. पुन्हा ऊब मिळाली की कामाला लागतं. तापवून घडी मोडलेलं एन्झाइम मात्र थंड केल्यावर बहुधा परत येत नाही. आणि ‘एन्झाइम मरतं’ असं लिहू नकोस. ते जिवंत नव्हतंच, त्याची रचना बिघडते. दुसरं असं, की इष्टतम तापमान हा एन्झाइमच्या कपाळावर कोरलेला आकडा नाही. तू वेग एका मिनिटात मोजलास तर जास्त तापमानाला शिखर दिसेल, कारण तेवढ्यात फारशा घड्या मोडलेल्या नसतात. तेच तासभर थांबून मोजलंस तर शिखर खाली सरकेल. हे पुस्तकात सहसा लिहीत नाहीत, पण तुला ते का होतं हे आता सांगता येईल. जे सजीव गरम पाण्याच्या झऱ्यांत राहतात त्यांच्या प्रथिनांची घडी जास्त घट्ट असते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत सापडलेल्या थर्मस अक्वाटिकस या जिवाणूचं टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम ७० अंशांच्या वरही उत्तम चालतं आणि त्याच्याच जोरावर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, सोपी झाली.

पीएचचंही याच धर्तीवर समज. आम्लता बदलली की अमिनो आम्लांवरचे विद्युतभार बदलतात आणि खोबणीचा स्वभाव बदलतो. जठरातलं पेप्सिन पीएच २च्या आसपास चालतं, आतड्यातलं ट्रिप्सिन ८च्या आसपास. एवढं पुरे.

आता ऑर्डर, म्हणजे वेग संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो तो आकडा. विल्हेल्मी यांनी साखरेचं द्रावण आम्लात घातलं आणि त्यातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला. साखर या प्रकाशाच्या कंपनांचं प्रतल उजवीकडे वळवते. फुटल्यावर निघालेलं ग्लुकोजही उजवीकडेच वळवतं, पण फ्रुक्टोज त्याहून बऱ्याच जास्त कोनातून डावीकडे वळवतं. त्यामुळे द्रावणाला हातही न लावता, नुसता कोन वाचत, किती साखर उरली हे त्यांना मिनिटामिनिटाला कळत होतं. आणि त्यांना दिसलं की फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. निम्मी साखर उरली, वेगही निम्मा. ही झाली पहिली ऑर्डर. पण समीकरणात पाणीही आहे, त्याचं काय? एक लिटर पाण्यात सुमारे ५५ मोल पाणी असतं. त्यात ०.१ मोल साखर घातली आणि ती सगळी फुटली, तरी पाणी खर्च होणार ०.१ मोल. पंचावन्नातून इतकंसं गेलं तर त्याची संहती बदललीच नाही म्हणायची. म्हणून वेगावर पाण्याचा ठसा दिसत नाही. याला छद्म प्रथम ऑर्डर म्हणतात.

आकडे न जुळण्याचं याहून खोल कारण वेगळं आहे. समीकरण फक्त सुरुवात आणि शेवट सांगतं. अभिक्रिया मात्र पायऱ्यापायऱ्यांनी होते आणि वेग ठरतो सर्वांत मंद पायरीवर. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होतात. समीकरणात दोघांचाही आकडा एक. पण साधारण २२५ अंशांखाली कार्बन मोनॉक्साइड दुप्पट केला तरी वेग जसाच्या तसा, आणि नायट्रोजन डायऑक्साइड दुप्पट केला तर वेग चौपट. कारण मंद पायरीत नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू एकमेकांवर आदळतात. कार्बन मोनॉक्साइड नंतरच्या झटपट पायरीत येतो. म्हणून ऑर्डर प्रयोगातूनच कळते, समीकरण बघून सांगता येत नाही. उलट ऑर्डर कळली की पायऱ्यांचा माग लागतो. मला या विषयातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते: रेणूंच्या टकरा कुणाला दिसत नाहीत, पण घड्याळ लावून नुसता वेग मोजला तरी आत काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो.

जाता जाता: वेग आणि वेग स्थिरांक, म्हणजे वेगाला संहतीशी जोडणारा गुणक, यांची गल्लत करू नकोस. संहती बदलली की वेग बदलतो, स्थिरांक नाही. तापमान बदललं किंवा उत्प्रेरक घातला की स्थिरांक बदलतो.

राहिलं केएम. १९१३ साली मायकेलिस आणि मेंटन यांनी तीच साखर घेतली, कोन वाचण्याची तीच पद्धत घेतली, आम्लाच्या जागी इन्व्हर्टेज घेतलं. त्यांनी दोन दक्षता घेतल्या, त्या मुद्दाम सांगते. बफर वापरून पीएच स्थिर ठेवला. आणि नुकतं सुटलेलं ग्लुकोज हळूहळू रूप बदलतं, त्यामुळे कोन काही वेळ सरकत राहतो. म्हणून ठरावीक वेळाने काढलेल्या नमुन्यात अल्कली घालून एन्झाइम थांबवलं आणि हे रूपांतरही लवकर पूर्ण करून घेतलं, मगच कोन वाचला. चांगलं मोजमाप असं होतं.

त्यांच्या समीकरणात वेग म्हणजे कमाल वेग गुणिले सबस्ट्रेटची संहती, आणि या गुणाकाराला केएम आणि संहती यांच्या बेरजेने भागायचं. पाठ करण्यापेक्षा आकडे घाल. संहती केएमच्या एकदशांश असेल तर वेग कमालीच्या सुमारे ९ टक्के. ती दुप्पट कर, वेग होतो जवळजवळ १७ टक्के. म्हणजे संहती दुप्पट, वेगही जवळपास दुप्पट: पहिली ऑर्डर. आता संहती केएमच्या दहापट घे, वेग ९१ टक्के. ती दुप्पट कर, वेग फक्त ९५ टक्के. साखर कितीही ओत, फरक नाही: शून्य ऑर्डर. कारण सगळ्या खोबणी भरलेल्या आहेत, नव्या साखरेला बसायला जागा नाही. संहती बरोबर केएमएवढी असेल तेव्हा वेग कमालीच्या निम्मा. केएम म्हणजे हीच संहती, दुसरं काही नाही. तिचं एककही संहतीचंच. एन्झाइम दुप्पट घातलं तर कमाल वेग दुप्पट होतो, केएम तोच राहतो. केएम कमी म्हणजे थोड्या सबस्ट्रेटवरही एन्झाइम चांगलं चालतं. ‘केएम कमी म्हणजे पकड घट्ट’ हे पुष्कळदा खरं असतं, पण प्रत्येक वेळी नाही, तेव्हा ते व्याख्या म्हणून लिहू नकोस.

अवरोधकाचे, म्हणजे एन्झाइमचं काम अडवणाऱ्या पदार्थाचे, आलेखही यावरूनच काढता येतात. जो पदार्थ सबस्ट्रेटच्याच खोबणीसाठी स्पर्धा करतो, त्याला भरपूर सबस्ट्रेट घालून हटवता येतं. म्हणून कमाल वेग तोच राहतो, पण तिथे पोहोचायला जास्त संहती लागते, केएम वाढलेला दिसतो. जो दुसरीकडे चिकटून खोबणीचं कामच बिघडवतो, त्याला सबस्ट्रेट हटवू शकत नाही, कमाल वेग घटतो. पहिल्या प्रकारावर माणसांचे जीव वाचतात. मिथेनॉल पोटात गेलं की यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं आणि ते दृष्टी घालवतं. रुग्णालयात अशा वेळी फोमेपिझोल किंवा इथेनॉल देतात. ते त्याच एन्झाइमची खोबण अडवून बसतं आणि मिथेनॉल विषात रूपांतरित होण्याआधी शरीराबाहेर काढायला वेळ मिळतो.

आता ‘काय करू’ याचं उत्तर. तीन आठवडे नव्या नोट्स गोळा करू नकोस. वर दिलेली गणितं स्वतः कर आणि आलेख स्वतःच्या हाताने काढ, छापील आलेखावरून नजर फिरवून काही होत नाही. प्रत्येक विधानासमोर लिही: टकरा बदलल्या की यशस्वी टकरांचा हिस्सा बदलला की काम करणाऱ्या एन्झाइमची संख्या बदलली? तिन्हींपैकी एकही लागू होत नसेल तर ते विधान ‘होईल का’ या गटातलं आहे का ते बघ.

आणि प्रयोगशाळेत शिक्षकांना विचारून एक प्रयोग नक्की कर. डोळ्यांवर चष्मा लावून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दोन परीक्षानळ्यांत घे. एकीत कच्च्या बटाट्याचा तुकडा टाक, दुसरीत तेवढाच पण उकळून थंड केलेला. कच्च्यावर लगेच फेस येतो; त्यातलं कॅटालेज एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो. उकळलेल्यावर काही होत नाही, घडी मोडलेली आहे. पहिल्या नळीतला फेस थांबला की तिच्यातलं थोडं द्रव तिसऱ्या नळीत काढ आणि त्यात कच्च्या बटाट्याचा नवा तुकडा टाक. मूळ नळीत, जुन्या तुकड्यावर, ताजं पेरॉक्साइड ओत. दोन्हींत काय होईल हे आधी कागदावर लिही, कारणासह, आणि मगच कर. फेस कोणत्या नळीत पुन्हा उसळला आणि कोणत्या नळीत उसळला नाही, यावरून काय खर्च झालं होतं आणि काय शिल्लक होतं हे तुला कुणी सांगायची गरज पडणार नाही.